बत्तीसची लेन्स

टॅम्सिन रूक दुकानात शिरली तेव्हा तिची लेन्स दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती.

बाहेर होबार्टचा ऑक्टोबरमधला पाऊस पडत होता – बारीक, तिरका, छत्रीला न जुमानणारा. केसांवरचं पाणी निपटत ती काउंटरपाशी आली आणि थबकली. एक उंच, सडपातळ माणूस खिडकीच्या उजेडात ती लेन्स धरून आरपार बघत होता.

"उलटी धरलीय तुम्ही," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली. डोळे करडे, भुवयांत लाकडाचा भुसा. "तरीच सगळं जग पालथं दिसतंय." त्यानं लेन्स शांतपणे सुलटी केली आणि तिच्याकडे रोखली. "आता तुम्ही पालथ्या दिसताय. अजून काही चुकतंय का?"

"नाही. लेन्सचं कामच ते." तिला हसू आलं होतं, पण तिनं ते दाबलं. "आणि ती माझी आहे. मी काल फोन केला होता."

"मीसुद्धा काल फोन केला होता."

दोघांनी एकदमच काउंटरमागच्या डेस ऑर्मंडकडे पाहिलं. डेस पंचाहत्तरीचा. शहरातले निम्मे जुने कॅमेरे त्याच्या हातून दुरुस्त होऊन गेलेले. तो चष्मा पुसत राहिला.

"मी दोघांनाही 'येऊन बघा' म्हणालो," तो म्हणाला. "'देतो' असं कुणालाच म्हणालो नाही."

टॅम्सिनचे वडील आयुष्यभर डोंगरांचे फोटो काढत राहिले आणि मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांचा टेक्निकल कॅमेरा तिच्याकडे आला. पाटीसारखा चपटा, डोळा लावायला भोकसुद्धा नाही. पुढे लेन्स, मागे प्रकाश टिपणारी, पाठीवर छोटा पडदा असलेली जाड चौकोनी डबी, आणि लेन्स वर-खाली, डावी-उजवी सरकवायला दोन स्क्रू. एकेक फोटो काढायला अर्धा तास लागायचा. वडिलांकडे लेन्स एकच होती, लांबचं जवळ आणणारी. डोंगरांना ती पुरायची. टॅम्सिन मात्र इमारतींची आतली छायाचित्रं काढायची. तिला रुंद बघणारी लेन्स हवी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतः निवडायची होती. इतकी वर्षं वडील निवडायचे आणि ती वाहायची.

घाईही होती. ह्युऑनच्या खोऱ्यात, सिग्नेटच्या अलीकडे, ऊना क्वॉरेल नावाच्या बाईंची सफरचंदं भरायची जुनी लाकडी शेड होती. मागच्या पुरात तिचा पाया खचला होता आणि दहा दिवसांनी ती पाडणार होते. त्याआधी ऊनाबाईंना तिचा फोटो हवा होता.

"आणि तुम्हाला कशाला हवीय?" टॅम्सिननं त्या माणसाला विचारलं.

त्याचं नाव कॅस्पर डॉइल. सुतार. तीन आठवड्यांनी तो जहाजानं दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात निघणार होता, पंधरा महिन्यांसाठी. तिथल्या संशोधन-तळाजवळ सत्तर वर्षांपूर्वीची एक लाकडी झोपडी होती. ती खोलून, कुजलेलं लाकूड बदलून पुन्हा उभी करायची होती. पण हात लावायच्या आधी तिचा इंच न् इंच फोटोत यायला हवा होता. संग्रहालयानं त्याला कॅमेरा दिला होता, अगदी टॅम्सिनच्या कॅमेऱ्यासारखाच. लेन्स दिली नव्हती.

"बिस्किटांच्या डब्यासारखा आहे तो," कॅस्पर म्हणाला. "मी तो बाजूनं हलवूनही पाहिला. काही वाजलं नाही."

डेसनं खणातून आणखी दोन लेन्स काढून काउंटरवर ठेवल्या. "तेवीस, बत्तीस, चाळीस. आकडा जितका लहान, तितकं रुंद दिसणार. तिन्ही घेऊन जा. जिथे काम करायचं तिथे लावून बघा, आणि मग या. भांडायचं असेल तर वाटेत भांडा. माझं दुकान लहान आहे."

*

शनिवारी ते तिच्या गाडीनं निघाले. गाडीत अंतराअंतरानं शांतता पसरत होती आणि दोघांनाही ती बोचत नव्हती. पाऊस थांबला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सफरचंदाच्या बागा पांढऱ्या फुलून आल्या होत्या. वाटेत त्यानं शिंपल्यांचं सारण भरलेल्या दोन 'स्कॅलॉप पाय' घेतल्या आणि एक न विचारता तिच्या हातात ठेवली.

"लाच?" तिनं विचारलं.

"लाच द्यायची असती तर गरम दिली असती."

ऊना क्वॉरेल शेडच्या दाराशी काठी टेकून उभ्या होत्या. वय ब्याऐंशी, अंगात पुरुषी लोकरीचा कोट. त्यांनी कॅस्परला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा कोण? तुझा मदतनीस?"

"हे माझे प्रतिस्पर्धी आहेत," टॅम्सिन म्हणाली.

"बरा आहे की दिसायला." ऊनाबाई आत वळल्या. "मला वाटलं, प्रतिस्पर्धी म्हणजे कुणी टक्कल पडलेला असेल."

टॅम्सिन सामान काढायला घाईनं गाडीकडे वळली. तिचे कान तापले होते. तिनं मागे पाहिलं असतं तर कॅस्परचेही लाल झालेले दिसले असते.

शेड लांबट होती आणि ओढ्याकडच्या बाजूला कललेली. आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागला. मग तुळया दिसल्या, आणि समोरच्या भिंतीच्या फळ्यांवरची नावं. पेट्यांवर खूण करायच्या निळ्या मेणखडूनं लिहिलेली, एकाखाली एक, भिंतभर. हंगामाला येणाऱ्या मुलींची. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं आपलं नाव लिहून जायचं, अशी पद्धत होती.

"ही मी," ऊनाबाईंनी काठीनं दाखवलं. "आणि ही आयव्ही. माझी धाकटी बहीण. त्या हंगामानंतर पुढचा हंगाम तिनं पाहिला नाही. तिचं हस्ताक्षर दुसरीकडे कुठेच नाही माझ्याकडे. एवढंच आहे." त्या जरा थांबल्या. "नावाची फळी कापून ठेव, असं सगळे म्हणतात. पण मला फळी नकोय, पोरी. आम्ही सगळ्या जशा एका भिंतीवर होतो ना, तशा हव्यात."

टॅम्सिननं कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडलं. समोरची भिंत, तिच्यावरची छपराची कैची आणि आढं, सगळं एका फोटोत यायला हवं होतं, आणि मागे सरकायला जागा नव्हती. तिनं आधी चाळीसची लेन्स लावली. जे दिसलं ते सुंदर होतं, खरं होतं, पण भिंतीचा दोन तृतीयांश भागच मावला. लेन्स दोन्ही बाजूंना सरकवून दोन फोटो जोडले, तरी आयव्हीचं नाव बाहेरच राहिलं. मग तेवीस. त्यात सगळं आलं. पण आढ्यासाठी लेन्स वर सरकवली की कोपरे काळे पडत, आणि कडेच्या पेट्या ताणून रबरासारख्या लांब होत. ऊनाबाई कडेला उभ्या होत्या. पडद्यावर स्वतःला पाहून त्या म्हणाल्या, "ही मी नाही. या दोन बायका आहेत."

शेवटी बत्तीस. टॅम्सिननं ती लावली, वर सरकवली, डावीकडे एक फोटो, उजवीकडे एक. दोन्ही पडद्यावर जोडून पाहिले. भिंत सरळ उभी होती. एकूण एक नाव वाचता येत होतं.

"हीच ना?" कॅस्पर मागून हळू आवाजात म्हणाला.

"हीच."

"मग आता माझी झोपडी."

त्यानं खिशातून आराखडा काढला, ऊनाबाईंकडून खडूचा तुकडा मागून घेतला आणि शेडच्या जमिनीवर गुडघे टेकून रेघा ओढायला लागला. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. "इथे शेगडी. इथे झोपायची दोन बाकं, एकावर एक. हे दार, आतल्या बाजूला उघडणारं. बाहेर उघडलं असतं तर बर्फानं कोंडले असते सगळे." तो बोलत होता आणि टॅम्सिन त्याच्या हातांकडे बघत होती. घाई नसलेले हात. तिच्या वडिलांनंतर तिनं असे हात पाहिले नव्हते.

"या आत," तो म्हणाला. "दारातून या. भिंतीतून नाही."

ती खडूच्या दारातून आत गेली. एवढ्याशा जागेत दोन माणसं उभी राहिली की मध्ये हातभरही अंतर उरत नव्हतं. त्याच्या कपड्यांना देवदाराचा वास येत होता. दोघांपैकी कुणीच हललं नाही... मग ती तिकाटणं आणायला वळली, आणि वळताना मुद्दाम दारातूनच बाहेर पडली.

कोपऱ्यात कॅमेरा अगदी भिंतीला खेटून बसला. चपट्या कॅमेऱ्याचा तोच फायदा. कॅस्परनं समोरच्या रेघेवर लाकडाचा एक जुना सांधा धरला. टॅम्सिननं तिन्ही लेन्सनी फोटो काढले आणि पडद्यावर कडा मोठ्या करून पाहिल्या. तेवीसमध्ये सगळी खोली आली होती, पण कडेचा सांधा विरघळल्यासारखा झाला होता, रेषा दिसत नव्हत्या. बत्तीसमध्ये, दोन फोटो जोडून, खोलीही होती आणि लाकडाचा रेषा न् रेषाही.

"काय म्हणतंय?" त्यानं विचारलं. "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते."

टॅम्सिननं पडदा बंद केला.

"तुम्हाला तेवीस पुरेल," ती म्हणाली. "खोली लहान आहे... सगळी मावतेय तिच्यात."

"नक्की?"

"नक्की."

त्याचा चेहरा खुलला. "मग भांडण मिटलंच की. मला वाटत होतं, माझ्यामुळे तुमचं काम अडणार. उगाच वाईट वाटत होतं." त्यानं खडूच्या रेघा बुटानं पुसून टाकल्या. तिनं तिकाटणं मिटलं. परतीच्या वाटेवर त्यानं दोनदा विचारलं, दमलात का? दोन्ही वेळा ती हो म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती ते फोटो पुन्हा बघत बसली. शेडची भिंत बघितली की बरं वाटे. मग खडूच्या झोपडीचे फोटो येत, आणि त्या रेघांच्या पलीकडे सांधा धरून उभा असलेला कॅस्पर. कॅमेऱ्याकडे न बघता तो तिच्याकडे बघत होता. विश्वासानं. तिच्या एका शब्दावर चुकीची लेन्स घेऊन तो बर्फात जाणार होता. तिथे जाऊन सगळं मांडणार, कडेचे सांधे विरघळलेले बघणार, आणि मग कुणाकडे जाणार? हात लावून झाल्यावर ती झोपडी पहिल्यासारखी कधीच दिसणार नव्हती.

चहा तसाच ठेवून ती निघाली.

कॅस्परची कार्यशाळा नदीकाठी होती, होड्यांच्या जुन्या गोदामात. तो रंधा मारत होता. तिला पाहून त्यानं रंधा बाजूला ठेवला, आणि तिचा चेहरा पाहून हसणंही.

"मी खोटं बोलले," टॅम्सिन दारातूनच म्हणाली. "तेवीस तुम्हाला पुरणार नाही. कडेचं लाकूड नीट येत नाही तिच्यात. तुम्हाला बत्तीसच हवी. मला काल तिथेच दिसलं होतं. दिसलं होतं, तरी मी..."

नदीवर कुठेतरी शिडाची दोरी डोलकाठीवर आपटत होती.

"का सांगितलंत?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "मला कधी कळलंही नसतं. फोटोच असे येतात म्हणालो असतो."

"म्हणून."

तो एका फळीवर बसला. हाताच्या तळव्याला लागलेला भुसा झटकत राहिला. "वाईट वाटलं मला," तो शेवटी म्हणाला. "खोटं नाही सांगत. काल मी घरी जाऊन बहिणीला फोन केला. म्हटलं, एक मुलगी भेटलीय. तिला कॅमेऱ्यातलं सगळं कळतं आणि ती सरळ आहे."

टॅम्सिनला रडू आलं. वडील गेल्यापासून तिनं कुणासमोर डोळे पुसले नव्हते. आता तिला पर्याय नव्हता. तो उठला नाही, जवळ आला नाही. शेजारच्या फळीवरची अवजारं मात्र त्यानं उचलून बाजूला ठेवली, तिला बसायला जागा व्हावी म्हणून.

ती बसली.

"मग ऊनाबाईंचं काय?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"कालचे चाचणीचे फोटो अंधारातले, मोठे छापता येणार नाहीत, आणि बत्तीस आता तुमची, ती मी मागणार नाही. चाळीसनं जेवढं येईल तेवढं घेईन. आयव्हीचं नाव वेगळं काढीन."

"त्यांना वेगळं नकोय."

"माहितीये मला. पण मागे सरकायला जागाच नाही ना. पाठीला भिंत आहे."

कॅस्परनं तिच्याकडे पाहिलं. मग तिचं खरं ऐकल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"टॅम्सिन," तो म्हणाला. "तू माझा धंदा काय समजतेस?"

*

ऊनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी उचलून मागच्या भिंतीवर ठोकली. "पाडायचीच आहे पुढच्या आठवड्यात. तू चार फळ्या आधी काढल्यास म्हणून ती काय रडणार आहे? पण छप्पर माझ्या डोक्यावर नको यायला."

"येणार नाही," कॅस्पर म्हणाला. त्यानं आधी आढ्याला दोन टेकू दिले. मग पटाशी आणि पहार घेऊन एकेक फळी सोडवली. खिळे आवाज न करता बाहेर येत होते. तो त्यांना धाक दाखवत नव्हता, समजूत घालत होता. टॅम्सिन फळ्या उचलून गवतात ठेवत होती. त्यांच्या हातांची गाठ प्रत्येक फळीवर पडत होती, आणि पाचव्या फळीला तिनं विचारलं, "चार म्हणाला होतास ना?"

"पाचवी जरा... माझ्यासाठी," तो म्हणाला आणि लगेच खिळ्याकडे बघायला लागला.

भिंत उघडी झाली आणि शेडमध्ये उजेड आला, फुलांनी भरलेल्या बागेतून गाळून आलेला, पांढरा, मऊ. इतकी वर्षं अंधारात असलेली नावं त्या उजेडात निळी दिसायला लागली. टॅम्सिननं तिकाटणं बाहेर गवतात, झाडांच्या मध्ये रोवलं. आता मागे हवी तेवढी जागा होती. चाळीसच्या लेन्समधून भिंत अख्खी आली, कैचीसकट, आढ्यासकट. काही ताणलं गेलं नाही, काही काळं पडलं नाही. ऊनाबाई भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कोटाची बटणं लावली, आणि एक हात वर करून आयव्हीच्या नावाखाली टेकवला.

"श्वास रोखू का?" त्यांनी विचारलं.

"नको," टॅम्सिन म्हणाली. "घ्या. वेळ आहे आपल्याकडे."

बटण दाबताना तिच्या लक्षात आलं की कॅस्परनं तिच्यासाठी एक डहाळी धरून ठेवलीय. वाऱ्यानं ती लेन्ससमोर येऊ नये म्हणून. किती वेळ धरून उभा होता, कोण जाणे. त्याच्या बाहीवर पाकळ्या पडल्या होत्या आणि त्यानं त्या झटकल्या नव्हत्या.

*

बत्तीस त्यानं नेली. उरलेल्या दिवसांत ती रोज संध्याकाळी कामावरून सुटून कार्यशाळेत जायची आणि त्याला तो कॅमेरा शिकवायची. अंतर कसं मोजायचं, लेन्स किती सरकवायची, थंडीत स्क्रू जड होतात तेव्हा काय करायचं. तो सगळं वहीत लिहून घ्यायचा. तो चुकला की ती बोटांवर चापट मारायची, आणि तो मुद्दाम चुकायचा. पण जहाजाची तारीख दोघंही तोंडातून काढत नव्हती.

जहाज निघालं त्या दिवशी धक्क्यावर गर्दी होती. बायका, मुलं, कुणाचे म्हातारे आईवडील. पंधरा महिने हा आकडा तिथे सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होता. कॅस्परनं तिचा हात हातात घेतला. तो काहीतरी म्हणणार होता, हे तिला दिसलं.

"तुला थांब म्हणायचा मला हक्क नाही," तो म्हणाला. "तीन आठवड्यांत माणूस..."

"नको म्हणूस मग," ती म्हणाली. आणि तिला म्हणायचं होतं ते हे नव्हतं. पण भोंगा झाला, लोक पुढे सरकले, आणि तो फळीवरून वर गेला. जहाज नदीच्या वळणाआड गेल्यावरही ती तिथेच उभी होती.

फोटो छापून झाला. ऊनाबाईंनी तो जेवणाच्या टेबलासमोर लावला. शेड ठरलेल्या दिवशी पाडली. त्याच्याकडून पत्रं यायची, संगणकावरून. आखूड, लाकडाबद्दल आणि वाऱ्याबद्दल. झोपडीचे फोटो चांगले आले होते. तीही आखूड लिहायची. धक्क्यावर अर्धवट राहिलेलं वाक्य दोघंही वळसा घालून टाळत होती.

जूनच्या एकवीस तारखेला, दुपारी, तिचा फोन वाजला. तिकडे तो सर्वांत मोठा सण, हिवाळ्याचा मध्य. त्या दिवशी सगळे घरी फोन करतात. कॅस्परचा बहिणीला फोन करून झाला होता. दुसरा फोन त्यानं टॅम्सिनला लावला होता.

उपग्रहावरून जाणारा आवाज उशिरा पोचायचा. ती बोलायची आणि सेकंद-दीड सेकंद काहीच नसायचं. मग त्याचा आवाज यायचा, तिच्या आधीच्याच वाक्याला उत्तर देत. दोघं एकमेकांवर आदळत होती, थांबत होती, मग दोघंही एकदम 'तू बोल' म्हणत होती.

"ऐक," तो म्हणाला. "आता मी सलग बोलतो. मध्ये बोलू नकोस, नाहीतर राहील." पलीकडे कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. दार लावल्याचा आवाज आला. "मी त्या झोपडीत रोज काम करतो. माणसं इथे वर्षवर्ष राहिली, आणि भिंतींवर कुणी नाव लिहिलं नाही. मला रोज वाटतं, लिहायला हवं होतं त्यांनी. धक्क्यावर मी चुकलो. हक्क नाही म्हणालो. हक्काचा प्रश्नच नव्हता, टॅम्सिन. भीती वाटत होती. माझं प्रेम आहे तुझ्यावर. तू दारात उभी राहून खरं सांगितलंस ना, तेव्हापासून. तू थांबलीस तर... आणि नाही थांबलीस तरी, हे तुला माहीत असावं."

ती बोलायला लागली. सगळं सांगितलं. मग ती त्या दीड सेकंदासाठी थांबली. दोन झाले. पाच झाले. कानात नुसती खरखर होती, आणि मग तीही नाही. फोन तुटला होता.

टॅम्सिन फोन हातात धरून खिडकीशी उभी राहिली. समोर कुनानी डोंगराच्या माथ्यावर बर्फ पडला होता. पुन्हा फोन लावता येत नव्हता. त्यांच्याकडे प्रत्येकाला मोजकीच मिनिटं मिळायची. ती संगणकापाशी बसली. आखूड लिहायची सवय होती, पण आज तिनं तेही केलं नाही. जे फोनवर बोलली होती तेच पुन्हा लिहिलं. की मी थांबलेय. की मला कुणी सांगितलं म्हणून नाही, माझं मी ठरवलं म्हणून. की माझंही तुझ्यावर प्रेम आहे, आणि जानेवारीच्या शेवटी मी धक्क्यावर असेन. खाली लिहिलं – फोन मध्येच तुटला, तुला ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहितेय.

पत्र पाठवलं. चहा करायला उठली, आणि पाणी उकळायच्या आत उत्तर आलं.

"ऐकलं होतं. शेवटच्या शब्दापर्यंत. तरी उद्या पुन्हा लिही."